अनुक्रमांकांवरून कॅमेऱ्याच्या भिंगांच्या उत्पादनाचे आकलन

अनुक्रमांकांवरून भिंगांच्या उत्पादनाचे आकलन ही संख्याशास्त्रावर आधारलेली एक पद्धत आहे. कॅमेऱ्याच्या भिंगावर (लेन्सवर) कोरलेले क्रमांक जमवून त्या प्रकारची एकूण किती भिंगे तयार झाली आणि ती कोणत्या वेगाने तयार होत होती, याचा अंदाज तिच्या साहाय्याने बांधतात. बहुतेक कारखान्यांनी आपल्या उत्पादनाचे आकडे कधी प्रसिद्ध केले नाहीत. अनेक कारखान्यांची दप्तरे युद्धात, आगीत किंवा मालकी बदलताना नष्ट झाली. अशा वेळी जगभर विखुरलेली भिंगे आणि त्यांच्यावरील आकडे एवढाच पुरावा हाती उरतो. संग्राहक, छायाचित्रणाचे इतिहासकार आणि वस्तुसंग्रहालये जुन्या साहित्याचा काळ व दुर्मीळता ठरविण्यासाठी या पद्धतीचा आधार घेतात. कोल्हापूरसारख्या, चित्रपटनिर्मितीचा जुना वारसा असलेल्या शहरात एखादा जुना कॅमेरा किंवा भिंग खरोखर सांगितले जाते त्या काळचे आहे काय, हे तपासण्यासही ती उपयोगी पडते.

पद्धतीचे गणित शालेय पातळीवर समजण्याजोगे आहे. कारखान्याने क्रमांक कोणत्या रीतीने दिले हे ओळखणे मात्र अवघड असते, आणि अंदाजातील बहुतेक चुका तेथेच होतात.

भिंगावरील क्रमांक

भिंगाचा अनुक्रमांक बहुधा पुढच्या काचेभोवतीच्या कड्यावर किंवा नळीच्या बाहेरच्या बाजूस कोरलेला असतो. त्याच्यासोबत कारखान्याचे नाव, भिंगाचे व्यापारी नाव (टेसार, एल्मार, निक्कोर इत्यादी), नाभीय अंतर आणि कमाल छिद्रमान दिलेले असते. जुन्या जर्मन भिंगांवर ‘डी.आर.पी.’ ही अक्षरेही आढळतात. ती जर्मन पेटंटची खूण आहे, क्रमांकाशी तिचा संबंध नाही.

भिंगाचा क्रमांक आणि कॅमेऱ्याचा क्रमांक या दोन स्वतंत्र मालिका असतात. एका चलत्चित्र कॅमेऱ्याबरोबर तीन-चार भिंगे विकली जात. शिवाय भिंग काढून दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसविता येते. त्यामुळे भिंगांच्या संख्येवरून कॅमेऱ्यांची संख्या काढता येत नाही, आणि भिंगाच्या वयावरून कॅमेऱ्याचे वय सांगणेही धोक्याचे असते.

मूळ गणित

क्रमांक १ पासून सलग दिले आहेत आणि पाहणाऱ्याच्या हाती आलेली भिंगे एकूण उत्पादनातून यादृच्छिकपणे, म्हणजे कोणतीही निवड न होता, आलेली आहेत असे धरू. हाती आलेल्या भिंगांची संख्या ‘क’ आणि त्यांतील सर्वांत मोठा क्रमांक ‘म’ असेल, तर एकूण उत्पादन ‘न’ याचे आकलन पुढील सूत्राने मिळते :

न = म + (म ÷ क) − १

यामागील कल्पना सोपी आहे. पाहिलेला सर्वांत मोठा क्रमांक हा कारखान्याचा शेवटचा क्रमांक असण्याचा संभव कमी. त्याच्या पुढेही काही भिंगे असणारच. ती किती असतील? पाहिलेल्या क्रमांकांमध्ये सरासरी जेवढे अंतर पडले आहे, साधारण तेवढेच अंतर शेवटच्या पाहिलेल्या क्रमांकाच्या पुढेही असेल, असे मानले जाते. सूत्रातील (म ÷ क) − १ हा भाग म्हणजे ते सरासरी अंतर होय.

काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विशिष्ट प्रकारच्या पाच भिंगांवर १,१८०, २,४१०, ३,०२५, ४,४७० आणि ५,२०० असे क्रमांक आढळले. येथे क = ५ आणि म = ५,२००. म्हणून न = ५,२०० + १,०४० − १ = ६,२३९. केवळ सर्वांत मोठा क्रमांक पाहून ‘५,२०० भिंगे झाली’ असे म्हणणारा नेहमीच कमी अंदाज करील, कधीही जास्त करणार नाही. हा कल सूत्रामुळे दूर होतो.

मात्र ६,२३९ या आकड्यातील शेवटच्या ‘९’ वर भिस्त ठेवणे हास्यास्पद ठरेल. या आकलकाचे प्रचरण (न − क)(न + १) ÷ क(क + २) इतके असते. त्यानुसार वरील उदाहरणात प्रमाण विचलन सुमारे १,०५० येते. ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की, एकूण उत्पादन ५,२०० ते सुमारे ९,४७० यांच्या दरम्यान असावे. नमुना पाचावरून वीसवर नेला की अंतराल बराच आक्रसतो. त्यामुळे अधिक भिंगे पाहणे हा अधिक गुंतागुंतीचे सूत्र वापरण्यापेक्षा नेहमीच चांगला उपाय असतो.

मालिका १ पासून सुरू झाली नसेल, किंवा तिची सुरुवात ठाऊक नसेल, तर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान क्रमांकांतील फरक वापरतात. तो फरक (क + १) ÷ (क − १) याने गुणून त्यातून १ वजा करतात. वरील उदाहरणात फरक ४,०२० असल्याने उत्तर ६,०२९ येते. सुरुवात माहीत नसल्यामुळे या उत्तराची अनिश्चितता पहिल्यापेक्षा अधिक असते.

पहिल्या सूत्राला संख्याशास्त्रात विशेष स्थान आहे. नमुन्यातील सर्वांत मोठ्या क्रमांकात ‘न’ विषयीची सर्व माहिती सामावलेली असते. मधल्या क्रमांकांनी तीत भर पडत नाही. अशा पर्याप्त संख्येच्या आधारे आकलकात सुधारणा कशी करावी, हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांच्या १९४५ सालच्या निबंधातून पुढे आले. तो निबंध कोलकात्याच्या गणितीय संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला होता. आज राव–ब्लॅकवेल प्रमेय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या निष्कर्षाच्या आणि त्याला पूरक अशा लेमन–शेफे प्रमेयाच्या आधारे असे दाखविता येते की, नमुना खरोखर यादृच्छिक असेल तर नि:पक्षपाती आकलकांमध्ये या सूत्राचे प्रचरण सर्वांत कमी असते. मधले क्रमांक मात्र टाकून द्यावयाचे नसतात. मालिकेत खंड आहे काय, हे त्यांच्यावरूनच कळते.

रणगाड्यांचा प्रश्न

पाठ्यपुस्तकांत ही पद्धत ‘जर्मन रणगाड्यांचा प्रश्न’ या नावाने येते. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील अमेरिकन दूतावासाच्या आर्थिक युद्ध विभागाने १९४३ च्या आरंभापासून पकडलेल्या जर्मन सामग्रीवरील क्रमांकांचा अभ्यास सुरू केला. युद्धानंतर जर्मन दप्तरे हाती आल्यावर अंदाज ताडून पाहण्यात आले. ऑगस्ट १९४२ मधील रणगाड्यांचे मासिक उत्पादन हेरांच्या माहितीनुसार १,५५० होते, क्रमांकांच्या अभ्यासानुसार ३२७, तर जर्मन नोंदींनुसार ३४२. जून १९४१ साठी हेच आकडे अनुक्रमे १,५५०, २४४ व २७१ असे होते.

सर्वांत उपयोगी ठरलेले क्रमांक रणगाड्याच्या बाहेरच्या सांगाड्यावरील नव्हते. गिअरबॉक्सवरील मालिका सलग असल्याने त्या अधिक भरवशाच्या निघाल्या. चाकांच्या रबरी धावांसाठी वापरलेल्या साच्यांच्या क्रमांकांचाही उपयोग झाला. दोन रणगाड्यांच्या ६४ चाकांवरून फेब्रुवारी १९४४ मध्ये २७० पँथर रणगाडे झाले असावेत असा अंदाज करण्यात आला. प्रत्यक्ष आकडा २७६ होता. भिंगांच्या अभ्यासकाने या उदाहरणातून घ्यावयाची गोष्ट म्हणजे, ठळकपणे दिसणारा क्रमांक उत्तम पुरावा असेलच असे नाही.

एकूण संख्येकडून उत्पादनदराकडे

एकूण संख्या काढण्यासाठी क्रमांक पुरेसे असतात. दर काढण्यासाठी काळही लागतो. दोन भिंगांचे क्रमांक आणि ती तयार झाल्याच्या तारखा माहीत असतील, तर क्रमांकांतील फरकाला काळातील फरकाने भागले की त्या काळातील सरासरी दर मिळतो. अनेक दिनांकित भिंगे उपलब्ध असतील तर आलेखाच्या आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर क्रमांक मांडतात. रेषेचा चढ जेथे तीव्र तेथे उत्पादन वेगाने झाले आणि जेथे ती सपाट झाली तेथे मंदावले, असे वाचता येते.

अडचण तारखांची असते. दुकानाच्या पावतीवर विक्रीची तारीख असते, निर्मितीची नव्हे. हमीपत्र, नियतकालिकातील जाहिरात, भेट म्हणून कोरून घेतलेली तारीख या सर्वांवरून एवढेच सिद्ध होते की, भिंग त्या दिवसापूर्वी तयार झाले होते. भिंग दुकानात सहा महिने पडून राहिले किंवा जहाजाने मुंबईस येऊन पुढे कोल्हापूरच्या दुकानी पोचेपर्यंत वर्ष उलटले, तर ते पावतीवरून कळत नाही. उशीर सर्व भिंगांबाबत सारखाच असता तर चढावर परिणाम झाला नसता, कारण संपूर्ण रेषा फक्त बाजूला सरकली असती. उशीर कमी-अधिक असला की दर बिघडतो.

काही कारखान्यांच्या खुणांनी हे काम सोपे केले आहे. जपानी कॅनन कंपनीच्या अनेक भिंगांच्या मागील बाजूस अनुक्रमांकाखेरीज एक छोटा तारीखसंकेत असतो. त्यातील पहिले अक्षर कारखान्याचे (‘यू’ म्हणजे उत्सुनोमिया) आणि दुसरे वर्षाचे असते. वर्षाची अक्षरे २६ वर्षांनी पुन्हा येतात, म्हणजे ‘ए’ हे अक्षर १९६० आणि १९८६ या दोन्ही वर्षांचे असू शकते. पण भिंगाचा प्रकार पाहिला की त्यांतील कोणते, हे सहज ठरते.

लायट्झ कारखान्याची मालिका

वेट्सलार येथील एर्न्स्ट लायट्झ कारखान्याची लायका कॅमेऱ्यांसाठीची भिंगे हे या पद्धतीचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण होय. पहिल्या लायका कॅमेऱ्यांवरील पक्क्या बसविलेल्या भिंगांना क्रमांक नसत. पुढे क्रमांक देण्यास सुरुवात झाली आणि कारखान्याच्या नोंदींवर आधारलेली वर्षवार सारणी संग्राहकांमध्ये प्रचलित झाली. तिच्यातील १९३३ ची नोंद १,५६,००१ या क्रमांकापासून सुरू होते.

सारणीनुसार १९३३ मध्ये ३९,०००, १९३४ मध्ये ४१,०००, १९३५ मध्ये ४८,६००, १९३६ मध्ये ६०,४००, १९३७ मध्ये ७१,५०० आणि १९३८ मध्ये ७३,५०० क्रमांक खर्ची पडले. १९३९ मध्ये हा आकडा ५०,००० वर आला आणि १९४० मध्ये २५,००० वर. १९४१ साठी १७,२९५, १९४२ साठी १०,७०५, १९४३ साठी १,८८० आणि १९४४ साठी अवघे १२० क्रमांक दाखविले आहेत. १९४५ मध्ये ६,००० व १९४६ मध्ये ३२,००० अशी मालिका पुन्हा वर चढते. १९३७ चा सरासरी दर महिन्याला सुमारे ६,००० भिंगे, तर १९४३ चा महिन्याला सुमारे १५७. युद्धाविषयी एक अक्षरही न वाचता केवळ या आकड्यांवरून वाचकाला युद्धाचा काळ ओळखता येईल.

तथापि या सारणीकडे जरा बारकाईने पाहिले की एक गोष्ट खटकते. बहुतेक वर्षांच्या सीमा शेकड्यांच्या किंवा हजारांच्या पूर्ण आकड्यांवर पडतात. कोणताही कारखाना ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी बरोबर हजारावे भिंग तयार करून दारे लावून घेत नाही. म्हणजे हे आकडे तयार झालेल्या भिंगांचे नसून वाटून दिलेल्या क्रमांकांचे आहेत. एखाद्या प्रकारच्या भिंगासाठी क्रमांकांचा एक गट आधी राखून ठेवला जाई आणि मग भिंगे तयार होत. एखादा गट पूर्ण वापरला गेला नसेल, किंवा त्यातील भिंगे पुढच्या वर्षी बाहेर पडली असतील. सारणीतील दर हा म्हणून कमाल मर्यादेजवळचा दर समजावा. दीर्घ काळाच्या सरासरीसाठी तो चांगला, एका महिन्याच्या हिशेबासाठी निरुपयोगी.

विक्रीच्या तारखांनी किती फसगत होते, हेही याच सारणीवरून दाखविता येते. समजा, २,४०,००० क्रमांकाच्या भिंगाची पावती जानेवारी १९३६ ची आणि ४,००,००० क्रमांकाच्या भिंगाची पावती जानेवारी १९३८ ची मिळाली. २४ महिन्यांत १,६०,००० क्रमांक, म्हणजे महिन्याला सुमारे ६,६६७ असा दर निघतो. सारणीप्रमाणे पहिला क्रमांक १९३५ च्या अगदी आरंभीचा आणि दुसरा १९३७ च्या अखेरच्या तिमाहीच्या सुरुवातीचा येतो. त्यांच्यातील खरे अंतर सुमारे ३२ महिन्यांचे असून दर ५,००० च्या जवळ येतो. पहिले भिंग दुकानात जवळजवळ वर्षभर पडून राहिले आणि दुसरे तीन महिन्यांत विकले गेले, एवढ्या एका कारणाने अंदाज एक-तृतीयांशाने फुगला.

क्रमांकनाच्या रीती आणि त्यांतील खाचखळगे

सर्व कारखाने १ पासून सलग मोजत नाहीत. निक्कॉनच्या पहिल्या कॅमेऱ्यांचे क्रमांक ६०९ या आकड्यांनी सुरू होतात. त्यांतील ‘६’ हा १९४६ चा आणि ‘०९’ हा सप्टेंबर महिन्याचा निदर्शक असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. ६०९ हा उपसर्ग संख्येचाच भाग समजून कोणी सूत्रात घातला तर काही शेकडा कॅमेऱ्यांच्या जागी सहा लाख कॅमेरे निघतील.

सोव्हिएत भिंगांच्या क्रमांकांतील पहिले दोन आकडे पुष्कळदा निर्मितीवर्षाचे असतात. ८१ ने सुरू होणारे हेलिओस भिंग १९८१ चे असण्याचा संभव मोठा. अशा मालिकेत प्रत्येक वर्षी मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून सूत्र प्रत्येक वर्षाला स्वतंत्रपणे लावावे लागते आणि मगच बेरीज करावी लागते. त्या बदल्यात दरासाठी लागणारी तारीख क्रमांकातच मिळते.

येना येथील कार्ल झाइस कारखान्याने अनेक प्रकारच्या भिंगांना एकाच लांब मालिकेतून क्रमांक दिले. तिच्यात टेसार भिंगाचे क्रमांक एकमेकांपासून दूर विखुरलेले सापडतात, कारण मध्ये इतर प्रकारांचे गट आहेत. अशा वेळी सर्व प्रकारांचे मिळून एकूण उत्पादन काढणे सोपे असते. एका प्रकाराचे काढायचे तर त्याला वाटून दिलेले गट आधी ओळखावे लागतात. झाइसच्या परवान्याने इतर देशांतील कारखान्यांनी तयार केलेल्या टेसार भिंगांवर त्या त्या कारखान्याचे क्रमांक असतात. महायुद्धानंतर जर्मनीबरोबर कारखान्याचीही फाळणी झाली. पूर्वेकडे येनाने जुनी मालिका पुढे चालू ठेवली, तर पश्चिमेकडील ओबरकोखेन येथील कारखान्याने आपली वेगळी सुरू केली. दोन्हींचे क्रमांक एकाच यादीत मिसळले तर अंदाजाला काही अर्थ उरत नाही.

गटांचा आणखी एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. एका दुकानात मिळालेली पाच भिंगे एकाच पेटीतून, म्हणजे एकाच गटातून आलेली असू शकतात. सूत्रात क = ५ लिहिले तरी त्यांचे पुराव्याचे मूल्य एका भिंगापेक्षा फारसे अधिक नसते.

ही अडचण कोल्हापुरातील कोणालाही रस्त्यावर पाहता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातील वाहनांच्या नोंदणीक्रमांकांची सुरुवात ‘एमएच ०९’ ने होते. त्यानंतर मालिकेची अक्षरे आणि ९९९९ पर्यंतचा आकडा येतो. महाद्वार रोडवर उभे राहून एकाच मालिकेतील दहा दुचाकींचे क्रमांक टिपले, तर त्या मालिकेत नोंदणी कोठवर आली असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. परंतु दुचाकी, मोटारी व मालवाहू वाहने यांच्या मालिका वेगवेगळ्या असतात, आणि १, ९, ७८६, ९९९९ यांसारखे पसंतीचे क्रमांक जादा शुल्क भरून राखून घेतले जातात. हौशी मालकाच्या गाडीवरील ९९९९ पाहून ‘मालिका संपली’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे गटवाटपाची तीच चूक करणे होय. उद्यमनगरातील ओतकामाच्या कारखान्यांत बिडाच्या सुट्या भागांवर येणारा ‘हीट नंबर’ ही आणखी निराळी गोष्ट आहे. तो एका वेळच्या वितळलेल्या धातूचा क्रमांक असल्याने शेकडो भागांवर एकच असतो. त्यावरून किती वेळा धातू ओतला हे कळेल, किती नग निघाले हे कळणार नाही.

कोल्हापूर आणि चित्रपटांचे कॅमेरे

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या मेस्त्री घराण्यातील भावांनी स्वतःच कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास काम तडीस नेले, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. खरी कॉर्नर येथील कॅमेरा मानस्तंभ याच वारशाची आठवण म्हणून उभा आहे.

बाबूरावांचा कॅमेरा हा अनुक्रमांकाच्या पद्धतीची सीमारेषा दाखवितो. तो मालिकेतला नग नव्हता, हाताने घडविलेली एकच वस्तू होती. अशा वस्तूबद्दल सूत्राला काही सांगता येत नाही. तेथे साक्षी, हिशेबवह्या आणि समकालीन वृत्ते यांच्याकडेच वळावे लागते. कॅमेऱ्यांवर बसविल्या जाणाऱ्या आयात भिंगांची गोष्ट वेगळी. त्यांवर क्रमांक असतात, आणि क्रमांक काळाची खालची मर्यादा ठामपणे सांगतात. झाइसच्या येना मालिकेत १९१२ मध्ये क्रमांक पावणेदोन लाखांच्या आसपास होते आणि १९१९ पर्यंत ते सुमारे साडेतीन लाखांवर पोचले. तेव्हा सैरंध्रीच्या चित्रणात वापरले गेले असे सांगितल्या जाणाऱ्या एखाद्या झाइस भिंगावर दहा लाखांपुढचा क्रमांक निघाला, तर तो दावा तेथेच संपतो. पंचवीस लाखांच्या आसपासचे भिंग तर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातील. याच्या उलट, क्रमांक जुना निघाला म्हणजे दावा खरा ठरला असे नाही. भिंग १९१५ चे असून कोल्हापुरात १९४० मध्ये जुन्या बाजारातून आलेले असू शकते. क्रमांक खोटे पाडू शकतो, खरे ठरवू शकत नाही.

या तपासणीचे मोल मोठे आहे. सैरंध्री आज उपलब्ध नाही, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपटही हरवले आहेत. चित्रेच उरली नाहीत तेव्हा ती कोणत्या साधनांनी घेतली याचा पुरावा म्हणजे उरलीसुरली यंत्रे. त्यांच्याखाली चुकीचे वर्ष लिहिले गेले की ते पुस्तकांत, तेथून स्मरणिकांत आणि पुढे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जाते.

कोल्हापुरात आज सापडणारी भिंगे हा यादृच्छिक नमुना मानता येत नाही, याची कारणे शहराच्या इतिहासातच आहेत. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी अयोध्येचा राजा (१९३२) सारखे बोलपट येथे काढून १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिच्यासाठी कोल्हापूरच्या काळात घेतलेले भिंग पुण्यात किंवा आणखी कोठे सापडू शकते. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला. अशा घटनांत एका काळचे, एका प्रकारचे साहित्य एकदमच नाहीसे होते आणि मालिकेत खोटा खंड दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, त्या वर्षांत कारखान्याने भिंगे तयारच केली नाहीत. वस्तुतः ती तयार झाली होती, पण जळाली. एका शहरातील नमुन्यावरून कारखान्याच्या दराचा निष्कर्ष काढू नये, तो इतर देशांतील नोंदींशी ताडून पाहावा, असे म्हणतात ते यासाठीच.

जगण्याची शक्यताही सर्व भिंगांची सारखी नसते. महाग व नावाजलेली भिंगे कपाटात जपून ठेवली जातात. स्वस्त भिंगे बुरशी लागून किंवा मुलांच्या खेळण्यात जाऊन संपतात. पंचगंगेकाठच्या दमट पावसाळ्यात काचेवर बुरशी धरण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून एका कारखान्याच्या दोन प्रकारच्या भिंगांची तुलना सापडलेल्या नगांच्या संख्येवरून न करता प्रत्येकाच्या क्रमांकमालिकेवरून करणे अधिक योग्य ठरते.

नोंदी कशा ठेवाव्यात

क्रमांकाबरोबर भिंगाचे पूर्ण नाव, नाभीय अंतर, छिद्रमान, बसणीचा प्रकार, कोरलेल्या अक्षरांची धाटणी आणि मिळालेली कोणतीही तारीख टिपावी. एकाच क्रमांकमालिकेत कोरीव अक्षरांची धाटणी मध्येच बदलली असेल, तर तो बहुधा गट बदलल्याचा पुरावा असतो. एकच भिंग दोनदा नोंदले जाणार नाही याची दक्षता घ्यावी. विक्रीच्या जाहिरातींतून क्रमांक जमविताना हे वारंवार घडते, कारण तेच भिंग वर्षभरात तीन हातांतून जाते.

चोरीच्या किंवा तोतया मालकीदाव्याच्या भीतीने अनेक मालक पूर्ण क्रमांक देत नाहीत. शेवटचे दोन अंक झाकले तरी चालते. हजारोंच्या मालिकेत ९९ पर्यंतची चूक नमुन्याच्या मूळ अनिश्चिततेपुढे नगण्य असते.

आलेखावरून गट ओळखणे हे पहिले काम, सूत्र लावणे त्यानंतरचे. क्रमांक चढत्या क्रमाने मांडून लागोपाठच्या दोन क्रमांकांतील अंतरे पाहावीत. मालिका खरोखर सलग असेल तर ही अंतरे कमी-अधिक असली तरी त्यांतील एखादेच अंतर इतरांच्या कित्येक पट मोठे नसते. मोठी पोकळी दिसली तर तेथे मालिका तोडून दोन्ही भागांचे आकलन वेगळे करतात. वीसहून कमी क्रमांक असताना पोकळी योगायोगानेही पडू शकते. घाईने तोडल्यास अंदाज कृत्रिमरीत्या कमी येतो.

बनावट क्रमांक

सोव्हिएत फेद व झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव व क्रमांक कोरून ते जुन्या बाजारात विकण्याचा प्रकार जगभर चालतो, आणि त्यांच्याबरोबरच्या भिंगांवरही तशीच कोरीव नावे आढळतात. बनावट करणारा बहुधा पुस्तकात दिसलेला खरा क्रमांक उचलतो किंवा अगदी लहान, म्हणून मौल्यवान वाटणारा, क्रमांक घालतो. सर्वांत मोठ्या क्रमांकावर आधारलेल्या सूत्राला लहान खोट्या क्रमांकांनी फारसा धक्का बसत नाही. नमुना प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो आणि अंदाज थोडा खाली येतो. मालिकेपलीकडचा एकच मोठा खोटा क्रमांक मात्र संपूर्ण अंदाज वर नेतो. म्हणून सर्वांत मोठा क्रमांक असलेले भिंग शक्य असेल तर प्रत्यक्ष हाती घेऊन तपासावे, आणि ते वगळल्यास उत्तर किती बदलते हेही नोंदवावे. वरील काल्पनिक उदाहरणात ५,२०० वगळला तर चार भिंगांवरून उत्तर ५,५८७ येते, म्हणजे साडेसहाशेने कमी.